पेटंटांचे सार्वजनिक दप्तर : जतन आणि शोध

नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया शोधून काढणाऱ्यास शासन ठराविक मुदतीपुरता असा हक्क देते की, त्याच्या परवानगीवाचून इतरांनी तिचा व्यापारी उपयोग करू नये. या हक्काला पेटंट, अथवा आपल्या शासकीय परिभाषेत 'एकस्व', असे म्हणतात. इतके बहुतेक सुशिक्षितांना ठाऊक असते. या व्यवहाराची दुसरी बाजू मात्र तितकीशी परिचित नाही. हक्काच्या मोबदल्यात संशोधकाला आपली कृती लिहून द्यावी लागते आणि ती अशा तपशिलाने की, त्या विषयातील जाणकाराला ती वाचून स्वतः करून पाहता यावी. या लेखी वर्णनाला 'विनिर्देश' म्हणतात. हे विनिर्देश सर्वांना पाहावयास खुले असतात. वीस वर्षांची मुदत संपली, किंवा त्याआधीच धारकाने नूतनीकरणाचे शुल्क भरावयाचे सोडले, म्हणजे त्यातील ज्ञान कोणीही वापरावे. सारांश, समाज काही वर्षांची मक्तेदारी सोसतो ती या कागदासाठी. तो कागद गहाळ झाला, अथवा असूनही कोणास सापडेनासा झाला, तर मक्तेदारी तेवढी दिली गेली आणि तिचा मोबदला बुडाला, असा त्याचा अर्थ होतो.

या दृष्टीने पेटंटांची दप्तरे, त्यांच्या सूच्या, त्यांचे वर्गीकरण आणि ती जेथे पाहता येतात ती ग्रंथालये व संगणकीय संग्रह यांची गणना सार्वजनिक मालमत्तेत केली पाहिजे. विहिरी, रस्ते यांची देखभाल व्हावी तशी त्यांचीही व्हावयास हवी.

पंखा ओढण्याचे यंत्र

आपल्या देशातील या दप्तराचा आरंभ मोठा मनोरंजक आहे. १८५६ च्या सहाव्या अधिनियमान्वये येथे प्रथमच संशोधकांना 'अनन्य विशेषाधिकार' देण्याची तरतूद झाली. पहिला अर्ज ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याचे एक स्थापत्य अभियंते जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी केला. अर्जाचा विषय होता छताला टांगलेले पंखे ओढण्याचे कार्यक्षम यंत्र! गोऱ्या साहेबांच्या कचेऱ्यांतून दिवसभर दोरी ओढीत बसणारा पंखेवाला ज्यांनी जुन्या चित्रांत पाहिला असेल, त्यांना या यंत्राची गरज कोणाला भासली असावी हे सांगावयास नको. पुढे इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती घेतली नव्हती या कारणावरून तो अधिनियम रद्द झाला आणि १८५९ मध्ये नवा करावा लागला. १९११ चा एकस्व व संकल्पचित्र अधिनियम, स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल आणि त्यावर आधारलेला, २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आलेला १९७० चा पेटंट अधिनियम असा हा प्रवास आहे. डिपेनिंग यांच्या अर्जाची हकिकत आज सांगता येते ती केवळ कोणीतरी ते कागद सांभाळले म्हणून.

सर्वत्र असे घडले नाही. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला १५ डिसेंबर १८३६ रोजी वॉशिंग्टन येथे आग लागली. त्यापूर्वी दिलेल्या सुमारे दहा हजार पेटंटांचे कागद आणि शोधांच्या हजारो प्रतिकृती एका रात्रीत भस्मसात झाल्या. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. पेटंटधारकांच्या घरी असलेल्या प्रती गोळा करून दप्तर पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न कित्येक वर्षे चालला. त्यातून अवघी २,८४५ पेटंटे हाती लागली. बाकीच्या शोधांपैकी पुष्कळांचे केवळ नाव आणि तारीख उरली आहे.

इंग्लंडमध्ये आग लागली नव्हती, तरी कागद असून नसल्यासारखेच होते. १६१७ पासूनची पेटंटे चान्सरीच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतून गुंडाळ्यांच्या रूपाने पडून होती. विषयवार सूची नाही, पाहावयाचे तर शुल्क निराळे. बेनेट वुडक्रॉफ्ट नावाच्या एका गृहस्थांनी हे काम अंगावर घेतले. ते स्वतः कापडयंत्रांचे संशोधक आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात यंत्रशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५२ पर्यंतच्या १४,३५९ पेटंटांची नावनिहाय, विषयनिहाय आणि कालक्रमानुसार सूची त्यांनी तयार केली. १८५२ च्या सुधारित कायद्यानंतर नव्या पेटंट कार्यालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी जुनी विनिर्देशपत्रे छापून घेतली, स्वस्तात विकली आणि ठिकठिकाणच्या ग्रंथालयांना विनामूल्य धाडली. १८५५ मध्ये लंडनला पेटंट कार्यालयाचे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. आज जगातील कोणतेही पेटंट घरबसल्या पाहता येते, त्याच्या मुळाशी या माणसाची चिकाटी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सूची करणाऱ्याचे नाव संशोधकांच्या यादीत येत नाही, ही गोष्ट वेगळी.

जतन केलेल्या दप्तराचा उपयोग इतिहासकारालाही होतो. मुंबईत जन्मलेले आणि पुढे लंडन व न्यूयॉर्क येथे राहिलेले शंकर आबाजी भिसे यांच्याविषयी आपल्याकडे अनेक आख्यायिका आहेत. छपाईचे खिळे ओतण्याचे त्यांचे यंत्र नेमके कसे चालत असे, हे जाणून घ्यावयाचे तर आख्यायिका उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या पेटंटांची विनिर्देशपत्रे आणि त्यांतील आकृत्याच उघडाव्या लागतात.

हळद आणि कडुनिंब

सार्वजनिक साधनांची खरी कसोटी लागली ती हळदीच्या प्रकरणात. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळदीच्या उपयोगाबद्दल पेटंट मिळाले. आपल्या घराघरांतून जी गोष्ट आजी नातवंडांच्या खरचटलेल्या गुडघ्यावर करीत आली, ती तेथे नवी ठरली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. मूळचे गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते.

येथे एक कायदेशीर मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे, परदेशात एखादी गोष्ट केवळ प्रचारात आहे एवढ्याने तेथील पेटंट बाद होत नसे. ती कोठेतरी छापलेली असणे आवश्यक होते. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या अनुभवाला पुरावा म्हणून किंमत नव्हती, एका छापील पानाला होती. हा भेद तेथे नाहीसा झाला तो २०११ च्या नव्या कायद्याने, आणि त्याचा अंमल मार्च २०१३ पासून सुरू झाला. म्हणून परिषदेच्या शास्त्रज्ञांनी ग्रंथालये धुंडाळली आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी व उर्दू मजकूर होता, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे लेखन होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंटातील सर्व दावे फेटाळण्यात आले. त्या जुन्या अंकांची बांधणी करून ज्या ग्रंथपालांनी ते कपाटात ठेवले, त्यांना आपण काय सांभाळीत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

कडुनिंबाचे प्रकरण महाराष्ट्राशी अधिक जवळून निगडित आहे. अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीबद्दल १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. युरोपीय संसदेतील हरित गट, डॉ. वंदना शिवा आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ मध्ये त्यास हरकत घेतली. सुनावणीत जो पुरावा महत्त्वाचा ठरला तो होता आपल्याकडील एका कारखानदारी क्षेत्रातील गृहस्थांचा. अशाच तेलाच्या अर्काच्या चाचण्या १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर घेतल्या गेल्या होत्या, असे त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. म्हणजे हरकत नोंदविल्यापासून अखेरच्या निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. त्या शिवारातील चाचण्यांचा अहवाल त्याच वर्षी एखाद्या नियतकालिकात छापला गेला असता आणि त्याची नोंद कोठल्यातरी सूचीत सापडली असती, तर परीक्षकाला पेटंट देण्यापूर्वीच तो दिसला असता. साक्षीदार हयात आणि स्मरण शाबूत असण्यावर एखाद्या देशाचा दावा अवलंबून राहावा, हे काही निश्चिंततेचे लक्षण नव्हे.

या अनुभवांतून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम हाती घेण्यात आले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांवरील संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ आदी भाषांतील ग्रंथांतून चार लाखांहून अधिक पाठ निवडण्यात आले. ते इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी व स्पॅनिश भाषांत, पेटंट परीक्षकांना समजेल अशा रीतीने मांडण्यात आले. या कामाचा एक कमी परिचित भाग म्हणजे वर्गीकरण. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात औषधी वनस्पतींना पूर्वी जवळजवळ एकच खण होता. आपल्या तज्ज्ञांनी पारंपरिक ज्ञानासाठी स्वतंत्र, सूक्ष्म वर्गीकरण रचले. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २००६ च्या आवृत्तीत औषधी वनस्पतींसाठी सुमारे दोनशे उपविभाग आले, त्यामागे या प्रयत्नांचा मोठा वाटा आहे. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी पहिला करार झाला, पुढे इतर देशांच्या कार्यालयांशीही झाले.

मात्र हे ग्रंथालय सामान्य वाचकाला खुले नव्हते. सारेच उघडे केले तर त्याचा गैरफायदा घेतला जाईल, ही शंका त्यामागे होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कार्यालयांपलीकडील उपयोगकर्त्यांनाही शुल्क आकारून, टप्प्याटप्प्याने प्रवेश देण्यास मान्यता दिली. प्रस्तुत लेखकाच्या मते हे पाऊल योग्य दिशेने पडले आहे. मूळ ग्रंथ प्रसिद्धच आहेत. त्यांची सूची तेवढी बंद ठेवून देशातील विद्यार्थी आणि लहान वैद्यशाळा यांचेच अधिक नुकसान होते.

नागपूरचे केंद्र

पेटंटविषयक माहिती देशात एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारने १९८० मध्ये नागपूर येथे पेटंट माहिती पद्धतीची स्थापना केली. जगभरची विनिर्देशपत्रे आणि तद्विषयक वाङ्मय गोळा करणे, मागणीप्रमाणे शोध घेऊन देणे आणि प्रती पुरविणे हे तिचे काम ठरले. ज्या काळी परदेशातील पेटंट पाहावयाचे तर कागद मागविण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागे, त्या काळी एखाद्या लहान कारखानदाराला नागपूरला पत्र टाकून उत्तर मिळणे ही मोठी सोय होती. आता राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही त्याच शहरात आहे आणि तेथे या विषयाचे प्रशिक्षण मिळते. केंद्राच्याच तंत्रज्ञानविषयक परिषदेच्या पेटंट साहाय्य केंद्राने १९९५ पासूनच्या भारतीय अर्जांची 'एकस्व' या नावाची माहितीसूची संगणकीय चकत्यांवर काढली होती. त्यापूर्वी भारताच्या राजपत्राच्या तिसऱ्या भागाचे दुसऱ्या विभागातील अंक एकेक चाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज त्या चकत्या चालविण्याची सोय असलेले संगणक बाजारात शोधावे लागतात. कागद वाळवीने जातो, चकती यंत्र बदलल्याने जाते. जतनाचे काम एकदा करून संपत नाही ते यामुळे.

२००५ पासून पेटंट कार्यालयाची पत्रिका दर शुक्रवारी संगणकावर प्रसिद्ध होते आणि २०१५ पासून भारतीय पेटंटांच्या शोधाची सुधारित संगणकीय व्यवस्था विनामूल्य उपलब्ध आहे. युरोपीय कार्यालयाच्या १९९८ पासून चालू असलेल्या संग्रहात १५ कोटींहून अधिक कागदपत्रे आहेत आणि तोही विनामूल्य आहे.

शोध कसा घ्यावा

येथे मराठीची थोडी अडचण होते. शोध 'लावणे' आणि शोध 'घेणे' या दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द. पण ती अडचण बोधप्रदही आहे, कारण शोध लावण्यापूर्वी शोध घेतला नाही तर श्रम वाया जाण्याचा संभव फार.

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी शेतीची अवजारे बनविणाऱ्या कारागिराने पेरणी यंत्रात सुधारणा केली आहे. तिफणीच्या चाड्यातून मूठमूठ बी सोडण्याऐवजी एक तबकडी फिरते आणि प्रत्येक नळीत मोजके दाणे पडतात. हे नवे आहे काय? तो संग्रहात 'तिफण' शब्द टाकील तर त्याला फारसे काही मिळणार नाही. इंग्रजी शब्द टाकला तरी पेटंटांची भाषा वकिली असते. साध्या तबकडीला तेथे 'परिभ्रमी वितरण घटक' अशा धाटणीचे नाव असते. जर्मन किंवा जपानी विनिर्देश तर त्याच्या नजरेलाही पडणार नाहीत. यावर उपाय म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारान्वये ते मान्य झाले असून त्यात आठ मुख्य विभाग आणि सत्तर हजारांहून अधिक खण आहेत. त्यातील 'ए' हा विभाग मानवी गरजांचा, 'ए ०१' म्हणजे शेती, 'ए ०१ सी' म्हणजे लावणी, पेरणी व खते देणे आणि 'ए ०१ सी ७' म्हणजे पेरणी. विनिर्देश कोणत्याही भाषेत असो, त्याच्या पहिल्या पानावर ही खूण असतेच. तेव्हा प्रथम शब्दांवरून आपल्या यंत्रासारखी दोनचार पेटंटे मिळवावी, त्यांच्यावरील खूण टिपून घ्यावी आणि मग त्या खुणेवरून पुन्हा शोध घ्यावा. आकृत्या पाहाव्या. यंत्राच्या बाबतीत आकृती भाषेपेक्षा लवकर समजते. जवळचे पेटंट सापडले म्हणजे त्यात कोणत्या जुन्या पेटंटांचा उल्लेख आहे आणि नंतरच्या कोणत्या पेटंटांनी त्याचा उल्लेख केला आहे, हे दोन्ही पाहावे. यातून एका कागदावरून दहा कागदांचा माग लागतो.

मग 'दावे' वाचावे. हक्काची कक्षा शीर्षकावरून ठरत नाही, दाव्यांवरून ठरते. शेवटी पेटंट कोठे आणि जिवंत आहे की नाही हे पाहावे. पेटंटाचा अंमल देशापुरता असतो. जे तंत्र केवळ परदेशात संरक्षित आहे आणि भारतात नाही, ते येथे वापरण्यास पेटंट कायद्याची आडकाठी नाही. मुदत संपलेल्या पेटंटांचे तर बोलावयासच नको. आपल्या छोट्या कारखानदारांनी या खजिन्याचा जितका लाभ घ्यावयास हवा तितका अद्याप घेतलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. परंतु एक मर्यादा लक्षात ठेवावी. अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे अलीकडच्या दीड वर्षातील अर्ज कितीही शोधले तरी दिसत नाहीत. शोध पूर्ण झाला असे निःशंकपणे कोणीच सांगू शकत नाही. तसेच आपला शोध अर्ज करण्यापूर्वी प्रदर्शनात किंवा वृत्तपत्रात मांडला तर तो आपल्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो.

सुधारणेस वाव

आपली जुनी विनिर्देशपत्रे पुष्कळ ठिकाणी केवळ छायाप्रतींच्या स्वरूपात आहेत. डोळ्यांनी ती वाचता येतात, पण त्यांतील शब्द संगणकाला शोधता येत नाही. त्यांचे अक्षरांकन करून घेणे हे खर्चाचे असले तरी एकदाच करावयाचे काम आहे. अर्जदारांची व संस्थांची नावे निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात, त्यांना एकरूपता आणावयास हवी. संपूर्ण माहितीसंच एकत्रितपणे विद्यापीठांना आणि अभ्यासकांना खुला केला तर त्यावरून नव्या सूच्या इतरही तयार करू शकतील. अमेरिकेने १८७१ पासून छापील पेटंटे सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवण्याची प्रथा पाडली आणि आज तेथे पेटंट शोधात वाचकाला मदत करणारे प्रशिक्षित ग्रंथपाल अनेक शहरांत आहेत. आपल्या जिल्हा ग्रंथालयांतून संगणक पोहोचले आहेत. वाचकाशेजारी बसून 'ए ०१ सी ७' म्हणजे काय हे मराठीत समजावून देणारा माणूस तेथे हवा आहे.

याहून महत्त्वाचे काम पेटंटांबाहेरील वाङ्मयाचे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे जुने संशोधन अहवाल, कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक, सहकारी संस्थांच्या स्मरणिका, प्रदर्शनांच्या पुस्तिका यांत अवजारे, बियाणी, किडींवरील उपाय यांची विपुल माहिती तारीखवार छापलेली आहे. मराठीत असल्यामुळे ती परदेशी परीक्षकाच्या दृष्टीस पडत नाही आणि सूची नसल्यामुळे आपल्याही. या अंकांचा प्रत्येक लेख निदान शीर्षक, विषय आणि तारीख यांनिशी नोंदला गेला, तरी सांगलीच्या शिवारातील पुढच्या चाचणीचा पुरावा शोधण्यासाठी कोणास साक्षीदाराचे दार ठोठवावे लागणार नाही.

आपल्या कायद्याने या कामी नागरिकालाही स्थान दिले आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही व्यक्ती त्यास लेखी हरकत घेऊ शकते. एखाद्या स्थानिक समाजात ती गोष्ट तोंडी परंपरेने ज्ञात होती, हेही हरकतीचे कारण म्हणून आपल्या कायद्यास मान्य आहे. पेटंट दिल्याची प्रसिद्धी झाल्यानंतर एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला पुन्हा हरकत घेता येते. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. दर शुक्रवारची पत्रिका पाहण्यास कोणतेही शुल्क पडत नाही आणि तीत प्रत्येक अर्जापुढे वर्गीकरणाची खूण दिलेली असते.